नातवाचा तिसरा ठोका आणि आजोबांचा

डॉक्टर, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझा मुलगा दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे, अठरा पूर्ण झाली. सैन्यात जायचं म्हणून रोज पहाटे पळतो. भरतीआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून बेळगावला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, ‘याच्या छातीत तिसरा आवाज येतोय.’ ईसीजी काढला, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, दोन्ही नॉर्मल. ‘काही नाही, पळू दे,’ म्हणून सोडलं. पुढच्याच महिन्यात मामंजींचे पाय सुजले, रात्री आडवं पडलं की धाप लागायची. वय ७१, पूर्वी एकदा अटॅक येऊन गेलाय. त्यांना नेलं तिथल्या डॉक्टरांनीही छाती ऐकून तेच सांगितलं, तिसरा आवाज आहे, आणि लगेच ॲडमिट करून घेतलं. पंपिंग ३० टक्के म्हणाले. आता घरी आलेत. शेजारणी म्हणतात, हे घराण्यातलंच आहे, पोराच्याही वॉल्व्हमध्ये दोष असणार. मी भीतीने त्याचं पळणं बंद केलंय, तो माझ्याशी बोलत नाही. आवाज एकच, मग एकाला पळ म्हणायचं आणि एकाला खाटेवर झोपवायचं, हे कसं? नणंदेच्या इकोत ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिस्फंक्शन’ असं लिहिलंय. तिला बीपी आहे. तिचंही हेच का?
एक सून, खानापूर तालुका

ताई,

आधी पोराचं. ईसीजी आणि इको दोन्ही नॉर्मल आहेत. पळताना चक्कर आली, छातीत दुखलं असं तुम्ही काही लिहिलेलं नाही. तेव्हा उद्या पहाटे त्याला उठवा आणि पळायला पाठवा. रुसलाय तो बरोबरच रुसलाय.

‘पळू दे’ म्हणणारे डॉक्टर बरोबर होते, आणि मामंजींना ॲडमिट करून घेणारेही. तिसरा आवाज हे कुठल्या आजाराचं नाव नव्हे. हृदय भरत असताना आत कुठेतरी हिसका बसतोय, एवढंच तो सांगतो. हिसका का बसतोय हे मात्र छाती कोणाची आहे त्यावर ठरतं. अठरा वर्षांच्या पळणाऱ्या पोराच्या छातीत त्याचा अर्थ एक, आणि अटॅक येऊन गेलेल्या ७१ वर्षांच्या माणसाच्या छातीत दुसरा.

शेजारणींचं वॉल्व्ह प्रकरण आधी मिटवू. आपण ज्याला लब-डब म्हणतो ते दोन्ही आवाज झडपा मिटण्याशी जोडलेले. हृदयाला वर दोन आणि खाली दोन कप्पे असतात. खालचे कप्पे आकुंचन पावू लागले की वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटतात, तो लब. रक्त बाहेर पडलं की मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात, तो डब. तिसरा आवाज येतो त्या क्षणी कुठलीच झडप मिटत नसते. वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा तर तेव्हा सताड उघड्या असतात. आणि निरोगी झडप उघडताना ऐकू येत नाही. लहानपणी घसा येऊन मागोमाग सांधे सुजतात त्या रुमॅटिक तापात झडप जाड झाली असेल, तर ती उघडताना टक् करते. पण तो आवाज टोकदार असतो आणि डबनंतर याच्याही आधी येतो. हृदयाच्या कप्प्यांमधल्या भिंतीला भोक असलं तर बहुधा सूं असा लांबलेला आवाज येतो, त्याला आम्ही मरमर म्हणतो. यातलं काही असतं तर इकोत दिसलं असतं. तुमच्या पोराचा इको झालेला आहे, शेजारणींचा अंदाज नंतर आलाय. कोणाचं धरायचं ते तुम्हीच ठरवा.

आता भरण्याकडे येऊ, कारण सगळी गोम तिथे आहे. हृदय आकुंचन पावतं तेवढंच त्याचं काम, आणि सैल पडलं की विश्रांती, अशी आपली समजूत असते. हिशेब वेगळा आहे. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला ०.८ सेकंद येतात. त्यातले साधारण ०.३ सेकंद रक्त बाहेर काढण्यात जातात आणि उरलेले ०.५ सेकंद सैल पडून पुन्हा भरण्यात. म्हणजे जास्त वेळ भरण्यालाच लागतो, आणि ते भरणं एका चालीने होत नाही. डावा खालचा कप्पा आकुंचन पावताना नुसता लहान होत नाही, त्याला पीळही पडतो. सैल पडताना तो पीळ झटक्यात उलगडतो, आतला दाब एकदम उतरतो, झडप उघडते आणि वरच्या कप्प्यात जमलेलं रक्त ओढल्यासारखं खाली येतं. तरुण माणसात तीन-चतुर्थांशाहून जास्त भरणं या पहिल्या लोंढ्यातच उरकतं. मग थोडा वेळ सगळं संथ. अगदी शेवटी वरचा कप्पा स्वतः आकुंचन पावतो, राहिलेलं रक्त खाली ढकलतो, आणि लगेच पुढचा लब.

तिसरा आवाज येतो तो पहिल्या लोंढ्याच्या शेवटी. दाव्याला बांधलेलं वासरू पळत सुटतं तेव्हा काय होतं बघा. दावं सैल आहे तोवर काहीच जाणवत नाही. दावं संपलं की हिसका बसतो आणि खुंटा हलतो. रक्त जोरात आत येतं, कप्प्याची भिंत भराभर ताणली जाते, आणि तिच्या ताणाची हद्द आली की तो वेग एकदम अडतो. त्या अडण्याने भिंत, आतलं रक्त, झडपेला धरून ठेवणारे दोरे असं सगळं मिळून थरथरतं. ती थरथर म्हणजे तिसरा आवाज. डबनंतर सुमारे ०.१२ ते ०.१८ सेकंदांनी येतो, बोजड आणि खालच्या पट्टीतला. यंत्रावर त्याची नोंद पहिल्यांदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली, आणि ती करणाऱ्यांत ईसीजीचे जनक विलेम आइंटहोवेनही होते. १९०७ साली त्यांनी या तिसऱ्या आवाजावर स्वतंत्र लेखच लिहिला. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, पॅरिसमधले पोतँ नावाचे डॉक्टर नुसत्या कानांनी अशा जादा ठोक्यांचे प्रकार वेगळे करून सांगत होते. मला त्यांचं जास्त कौतुक वाटतं.

तुमच्या पोराच्या छातीत वासरू दमदार आहे. हृदय लवचीक, पीळ जोरात उलगडतो, रोजच्या पळण्याने दर ठोक्याला जास्त रक्त येतं-जातं, विश्रांतीत नाडी सावकाश चालते म्हणून लोंढा मोठा. त्यात पोरं सडपातळ, छातीवर मांस कमी, त्यामुळे आवाज कानापर्यंत पोचतोही सहज. लहान मुलांत, पंचविशीच्या आतल्या तरुणांत आणि खेळाडूंत तो पुष्कळदा सापडतो. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, तेव्हाही येतो. भरपूर ताप, रक्त कमी असणं, थायरॉईड वाढलेलं असणं, अशा वेळीही लोंढा वाढतो आणि आवाज उमटतो. निरोगी तरुणाला उठून बसवलं किंवा उभं केलं की बऱ्याचदा तो नाहीसा होतो, कारण उभ्याने हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. चाळिशी येईतो बहुतेकांचा आपोआप विरतो.

मामंजींच्या छातीत नेमकं उलटं. तिथे वासरू थकलेलं आहे, पण दावं आधीच ताणून बसलंय. अटॅकमध्ये स्नायूचा काही भाग गेला, आकुंचनाचा जोर कमी झाला, दर ठोक्यानंतर कप्प्यात रक्त उरायला लागलं. उरलेलं रक्त, त्यात नवीन येणार, म्हणून कप्पा फुगत गेला आणि त्याची भिंत सतत ताणलेली राहिली. मागे वरच्या कप्प्यात दाब चढला. त्या दाबाने रक्त खाली रेटलं जातं, आणि भिंतीला ताणायला जागाच नसल्याने आत आलं की लगेच अडतं. म्हणून तोच हिसका आणि तोच आवाज. वरच्या कप्प्यातला तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो, तिथे पाणी धरतं. आडवं पडलं की पायांतलं रक्तही छातीकडे येतं, म्हणून धाप रात्री जास्त आणि उठून बसलं की जरा बरं. आधी अटॅक आलेल्या माणसात या सगळ्यासोबत तिसरा आवाज ऐकला की आम्ही इकोची वाट बघत बसत नाही. ॲडमिट केलं ते योग्यच केलं. वाढत्या वयात हा आवाज येण्याचं दुसरं कारण म्हणजे गळकी झडप. तिथे आकुंचन चांगलं असूनही भरणाऱ्या रक्ताचा लोंढा मोठा असतो. पण मामंजींचं पंपिंगच कमी आहे, तेव्हा तो विषय इथे नको.

पंपिंगचंही सांगते, कारण ३० टक्के ऐकून घरात रडारड झाली असणार. बाकीचं ७० टक्के हृदय मेलं असा याचा अर्थ नाही. निरोगी माणसाचंही १०० टक्के नसतं, साधारण ५५ ते ७० असतं. भरलेल्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडलं, त्याचा तो आकडा. समजा निरोगी कप्प्यात १२० मिली मावतं आणि ७० बाहेर जातं. फुगलेल्या कप्प्यात २०० मावेल आणि ६० बाहेर जाईल. टक्के ३० झाले, पण अंगाला मिळणारं रक्त दहानेच घटलं. अडचण त्या उरलेल्या १४० मिलीची. तेच मागे दाब चढवतं. आणि औषधांनी हा आकडा सुधारलेला मी पाहिलाय, सगळ्यांचा नाही, पण पुष्कळांचा.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगून ठेवते, कारण पुढे गोंधळ नक्की होणार. उद्या एखादे तिसरे डॉक्टर पोराला तपासतील आणि म्हणतील, ‘मला तर काही जादा ऐकू येत नाही.’ लगेच आधीच्यांना खोटं ठरवू नका. हा आवाज सेकंदाला २० ते ५० कंपनांच्या आसपासचा, आणि माणसाच्या कानाची खालची हद्दच २० च्या जवळ. स्टेथोस्कोपच्या तोंडाला दोन बाजू असतात, एक पातळ पडद्याची आणि दुसरी लहान, पोकळ, तिला बेल म्हणतात. तिसरा आवाज पडद्याने जवळजवळ हाताला लागत नाही. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडून थांबायला सांगायचं, डाव्या स्तनाच्या खाली जिथे ठोका बोटाला लागतो तिथे बेल अलगद टेकवायची. टेकवायची म्हणजे फक्त कड कातडीला लागेल एवढीच. जरा दाबली की खालची कातडीच ताणून पडदा बनते आणि आवाज गायब. मी तर आधी पंखा बंद करायला सांगते, मे महिन्यात पेशंट कुरकुरतात. ओपीडीत गर्दी, बाहेर बसचा हॉर्न, पोराला उभ्यानेच तपासलं, तर कसलेल्या कानालाही तो सापडणार नाही. त्यामुळे एकाला ऐकू येणं आणि दुसऱ्याला न येणं हे आमच्यात रोजचं आहे.

नणंदबाईंचं वेगळं आहे. वर्षानुवर्षं बीपी असलं की खालच्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठर होते. मग पहिला लोंढा मंदावतो आणि भरण्याचं बरंचसं काम शेवटी वरच्या कप्प्याला रेटून करावं लागतं. इकोत हा उलटलेला क्रम दिसला की ‘ग्रेड वन’ लिहितात. साठीनंतर हे इतक्या जणांत दिसतं की रिपोर्ट वाचून जेवण सोडण्यासारखं त्यात काही नाही. ताठर भिंतीवर वरच्या कप्प्याने जोर लावला की तिथेही एक बोजड आवाज उठू शकतो, अगदी लबच्या आधी. त्याला आम्ही चौथा आवाज म्हणतो. तो आला तर बीपीने हृदयावर काम केलंय असं समजायचं आणि बीपी ताब्यात ठेवायचं. ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करणं हे आपल्याकडच्या बायकांचं फार आवडतं काम आहे, तेवढं त्यांना करू देऊ नका.

घराण्यातलं आहे का, या प्रश्नाला मात्र अर्धं उत्तर ‘बघावं लागेल’ असं आहे. मामंजींचं हृदय अटॅकने कमजोर झालं. ते नातवाच्या छातीत जन्मतः उतरत नाही. फार तर बीपी, साखर, कोलेस्टेरॉल यांची ओढ घराण्यात असू शकते, आणि त्याची तपासणी पुढे तिशीपासून होत राहील. पण स्नायूचे काही आजार खरोखरच घराण्यात चालतात. तुमच्या किंवा सासरच्या माणसांत कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का, शेतात किंवा खेळताना कोसळलंय का, ते आठवून बघा. असेल तर पोराच्या डॉक्टरांना सांगा. तसंच पळता पळता त्याला भोवळ आली, छातीत दुखलं, ठोके एकदम सुटल्यासारखे वाटले किंवा बरोबरीच्या पोरांपेक्षा लवकर धाप लागायला लागली, तर त्या दिवसापासून पळणं थांबवून त्याला दाखवायचं. यातलं काही नसेल तर १६०० मीटर काढू दे त्याला. इकोचा रिपोर्ट मात्र फाईलला लावून ठेवा. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कोणी आवाज ऐकलाच तर दाखवता येईल. पुढचा निर्णय तिथल्या डॉक्टरांचा.

तुमचं लक्ष खरं तर मामंजींकडे हवं, आणि पत्रात त्यांच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलंय. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्यांचं वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर आलेलं पाणी आहे. सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. लघवीची गोळी चुकवायची नाही. बेळगावला जायचंय, बसमध्ये अडचण होईल म्हणून त्या दिवशी गोळी न घेणारे खानापूरकर मला दर आठवड्याला भेटतात. प्रवास असेल तर गोळीची वेळ मागे-पुढे करता येते, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. मीठ कमी म्हणजे भाजीतलं कमी करून ताटात खारातली मिरची, पापड, लोणचं आणि सुकट वाढायची, असं नव्हे. सांडगी मिरची तर काही दिवस डब्यातच राहू दे. आणि गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून द्यायची नाही. यातल्या बऱ्याच गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, किडनीवरही ताण टाकतात, आणि आठ दिवस दवाखान्यात काढलेलं पाणी चार दिवसांत परत भरतं.

आपल्या भागात आणखी एक घोळ होतो. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, वेळा समजावणारी सिस्टर कन्नडमधून सांगते, आणि घरी गोळ्या देणार तुम्ही. लाजू नका. मेडिकलवाल्याकडून प्रत्येक पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र असं मराठीत लिहून घ्या. दोन पांढऱ्या गोळ्या सारख्या दिसत असतील तर एकीच्या पाकिटाला दोरा बांधा.

पुढच्या तपासणीला मामंजींना घेऊन जाल तेव्हा वजनाचा कागद न्या, आणि डॉक्टरांना एवढं जरूर विचारा की तो तिसरा आवाज अजून येतोय का. पाणी उतरलं, भिंतीवरचा ताण कमी झाला की तो बऱ्याचदा जातो, आणि औषध लागू पडतंय का हे आम्ही त्यावरूनही बघतो. ‘आता येत नाही’ म्हणाले तरी गोळ्या आहेत तशाच चालू ठेवायच्या.